पिंपळे सौदागरची पाहणी आणि आपल्या मुलांची मोजणी

पिंपळे सौदागर हे नाव आज उच्चारले की डोळ्यांसमोर उंच गृहसंकुले, रुंद रस्ते आणि झगमगती दुकाने उभी राहतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र ते पुण्याजवळचे एक लहानसे शेतकरी खेडे होते. भारतातील सामाजिक शास्त्रांच्या इतिहासात या खेड्याला मानाचे स्थान आहे, हे तेथील फार थोड्या रहिवाशांना ठाऊक असेल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची पाहणी केली. जमीन, कर्ज, अवजारे, जनावरे आणि मजुरी या सर्वांची मोजदाद करून त्यांनी ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ हा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये या गावातील जमीनधारणेची सरासरी ४० एकर होती; १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली, हे त्या पाहणीने दाखविले.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, अवघ्या सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील लहान जमीनधारणांवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी डॉ. मॅन यांच्या याच पाहणीचा आधार घेतला. परंतु त्या आकड्यांचा अर्थ मात्र त्यांनी वेगळा लावला. शेताचा तुकडा लहान असणे हे दुखण्याचे मूळ नाही. तो कसण्यासाठी लागणारे भांडवल आणि साधने अपुरी आहेत, आणि जमिनीवर गरजेपेक्षा अधिक माणसे विसंबून आहेत, असे त्यांनी मांडले. त्यावरचा खरा उपाय म्हणून त्यांनी औद्योगिकीकरणाकडे बोट दाखविले. ज्या गावाच्या आकड्यांवरून हा विचार पुढे गेला, ते गाव आज महाराष्ट्रातील एका मोठ्या औद्योगिक नगरीच्या पोटात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून बोलका योगायोग क्वचितच सापडेल.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकाव्यात. पाहणी करणे ही पहिली पायरी आहे आणि केलेली पाहणी स्वतःच्या बुद्धीने वाचणे ही दुसरी. शिक्षण आणि समाजशास्त्र या क्षेत्रांत आज जे संशोधन चालू आहे, त्यातील काही महत्त्वाचे निष्कर्ष आपल्या पालकांना, शिक्षकांना आणि माजी विद्यार्थ्यांना समजावून सांगावेत आणि ते कसे वाचावेत याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन पाहण्या, दोन उत्तरे

मुले शाळेत येतात, परंतु ती शिकतात काय? गेल्या वीस वर्षांत आपल्या देशातील शिक्षण-संशोधन या प्रश्नाभोवती फिरत आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी सुरू केली. तिची पद्धत साधी आहे. कार्यकर्ते गावात जातात, घराच्या उंबरठ्यावर मुलाला जवळ बसवतात, दुसरीच्या पातळीचा एक लहानसा उतारा वाचायला देतात आणि काही सोपी गणिते घालतात. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील सुमारे साडेसहा लाख मुलांपर्यंत हे कार्यकर्ते पोहोचले. सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती. महामारीत शाळा बंद राहिल्या आणि २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते पुन्हा ४४.८ टक्के झाले. घसरलेली गाडी रुळावर आली ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु पाचवीतील निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, हे वास्तव त्यामुळे पुसले जात नाही.

दुसरी पाहणी सरकारची. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’ झाले. तिसरी, सहावी आणि नववी या इयत्तांतील २१ लाखांहून अधिक मुलांनी शाळेत बसून त्याची उत्तरे दिली. राष्ट्रीय पातळीवर गणिताची सरासरी तिसरीत ६० टक्के, सहावीत ४६ टक्के आणि नववीत ३७ टक्के आली. म्हणजे इयत्ता चढत जाते तशी समज मागे पडत जाते.

वाचक विचारतील, यातले खरे कोणते? दोन्ही खरी आहेत, कारण दोन्ही पाहण्यांचा प्रश्न निराळा आहे. ‘असर’ घरी जाते, म्हणून शाळेत नाव असून न जाणारे मूलही तिला भेटते. ती तोंडी आणि एकेकट्याला विचारते. ‘परख’ शाळेत जाते, म्हणून त्या दिवशी वर्गात हजर असलेले मूलच तिला दिसते. पहिली पाहणी पायाभूत वाचन तपासते, तर दुसरी इयत्तेनुसार अपेक्षित क्षमता. कोणताही आकडा हाती आला की तीन प्रश्न विचारावेत: कोणाला मोजले, कोठे मोजले आणि काय विचारले. हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर इतिहास आणि समाजशास्त्र शिकविल्याचे अर्धे सार्थक झाले असे मी मानतो.

आकडे हातात घेऊन प्रश्न विचारण्याची ही परंपरा आपल्याला नवी नाही. १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. रयतेच्या घामातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी त्यात परखडपणे मांडले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी सरकारच्याच अहवालातील आकडा पुढे ठेवला: प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात ती केवळ अठरा, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. आज आपण ज्याला गळती म्हणतो, तिचा हिशेब बाबासाहेब जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मागत होते.

मोजणीबाहेरचे मूल

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आल्या, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढे मोटारींच्या कारखान्यांनी चाकणचे माळरान व्यापले. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून माणसे आली. काही कायम झाली. बहुतेक ठेकेदाराच्या हजेरीपटावर राहिली. बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय, म्हणजे शेतीवरील माणसांना उद्योगात सामावून घेणे, येथे डोळ्यांदेखत घडला. त्या माणसांच्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न मात्र अजून पुरता विचारला गेलेला नाही.

काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना मी आपल्या घराचा तीन पिढ्यांचा ‘शाळा-इतिहास’ लिहून आणायला सांगितला. आजी-आजोबा शाळेत गेले होते का, आई-वडील कोठवर शिकले, तू स्वतः किती शाळा बदलल्या, असे साधे प्रश्न होते. एका मुलाने पानभर उत्तर आणले. आजी शाळेच्या दारात कधी गेलीच नव्हती, वडील सातवीपर्यंत. तो स्वतः गावच्या जिल्हा परिषद शाळेत दोन वर्षे, मग भोसरीजवळच्या एका शाळेत, मग महाळुंग्याच्या बाजूला, मधले एक वर्ष कोठेच नाही, आणि अखेर आपल्या वसतिगृहात. वडिलांचा ठेका संपला की बिऱ्हाड हलायचे. शेवटी त्याने लिहिले होते, ‘सर, मधल्या वर्षाचा दाखला नाही, म्हणून ते वर्ष लिहू की नको?’

त्या प्रश्नावर मी बराच वेळ थांबलो. मधल्या वर्षातील तो मुलगा कोणत्या पाहणीत सापडला असता? ‘असर’ ही ग्रामीण पाहणी आहे; महानगरपालिकेच्या हद्दीत ती येत नाही. ग्रामीण भागातही ती प्रत्येक जिल्ह्यातून साधारण ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे निवडते. बांधकामावरील पत्र्याच्या खोलीत चार महिने राहणारे बिऱ्हाड त्या यादीत येणे कठीण. ‘परख’साठी शाळेच्या बाकावर असणे आवश्यक आहे. जनगणना तर २०११ नंतर झालेलीच नव्हती. ज्या मुलाला मोजणीची सर्वाधिक गरज, तेच मूल मोजणीच्या जाळ्यातून निसटते.

शिक्षण हक्क कायद्याने या मुलासाठी काही दारे उघडी ठेवली आहेत. कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कलम ५ नुसार आधीच्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतरित मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्डाची सोयही आहे. बांधकाम-मजुरांच्या मुलांसाठी १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुण्यातही काम करणाऱ्या डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था वस्तीवर जाऊन मुलांची नोंद करतात. पण कायदा पालकाला ठाऊक नसेल, तर दार उघडे असूनही मूल बाहेरच राहते. म्हणून हे दोन कलम-क्रमांक या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावेत आणि शेजारच्या बिऱ्हाडाला सांगावेत.

इयत्ता नव्हे, पातळी

मागे पडलेल्या मुलाचे काय करावे, या प्रश्नावर संशोधनाने दिलेले एक भक्कम उत्तर आपल्या राज्यातूनच पुढे आले आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा प्रयोग झाला. वस्तीतीलच शिकलेल्या तरुणींना थोडे प्रशिक्षण देण्यात आले. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना त्या रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून अक्षर, वाचन आणि अंक शिकवीत. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले होते, म्हणून दोन्ही गटांची तुलना न्याय्य झाली. बालसखी लाभलेल्या मुलांची प्रगती स्पष्टपणे अधिक होती. हे संशोधन करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूल ज्या इयत्तेत आहे तेथून नव्हे, तर ते ज्या पातळीवर आहे तेथून शिकवावे, हे या प्रयोगाचे सार. सातवीतल्या मुलाला जोडाक्षर येत नसेल, तर त्याला सातवीचा धडा चौथ्यांदा वाचून दाखविणे हा शिक्षकाचा हट्ट झाला. २०२१ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानामागेही पायाभूत वाचन आणि गणित आधी पक्के करण्याचाच विचार आहे.

तरीही असे प्रयोग एक प्रश्न विचारीत नाहीत. मूल मागे का पडले? कोणाची मुले पुन्हा पुन्हा मागे पडतात? उपाय शोधणारे संशोधन हवेच, पण त्याने कारणाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

जात उच्चारली की काय घडते

या कारणाचा शोध घेणारा एक प्रयोग मला व्यक्तिशः हलवून गेला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीतील ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्याला पैसे मिळत. मुलांची जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु इतर मुलांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे खाली आली. मुले तशीच, बुद्धी तशीच. बदलला होता तो फक्त एक उच्चार.

हे मी वाचले तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. या संस्थेत येण्यापूर्वी मी औद्योगिक पट्ट्यातील एका शाळेत वर्गशिक्षक होतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की भरलेल्या वर्गात, हजेरी घेतल्याप्रमाणे, मी मागासवर्गीय विद्यार्थ्यांची यादी मोठ्याने वाचत असे. ‘ही नावे उभी राहा.’ मला त्यात काही गैर वाटत नव्हते. मी स्वतः त्याच शिष्यवृत्तीवर शिकलो होतो. हक्काचे घेताना लाजायचे कशाला, अशी माझी भूमिका होती. भूमिका बरोबर होती; रीत चुकीची होती. हक्काचा अभिमान मुलाने स्वतः उच्चारायचा असतो. शिक्षकाने त्याच्या कपाळावर चिकटवायचा नसतो. त्यानंतर मी यादी वाचणे सोडले. अर्ज मुलांना एकेकट्याने बोलावून देऊ लागलो. किती मुले किती वेळा माझ्यामुळे त्या वर्गात मान खाली घालून उभी राहिली असतील, याचा हिशेब मात्र कोणत्याही पाहणीत मिळणार नाही.

याच दिशेचा दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात, वय आणि लिंग यांची माहिती चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलून लावली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. उत्तरे सारखीच असूनही ‘खालच्या’ जातीच्या म्हणून दाखविलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण मिळाले. फरक थोडा होता, पण होता. त्यातील टोचणारी गोष्ट पुढे आहे: हा भेदभाव मुख्यतः त्याच सामाजिक थरातून आलेल्या शिक्षकांकडून झाला. आपल्याला हा निष्कर्ष आवडणार नाही; म्हणूनच तो सांगितला पाहिजे. जात समोरच्याच्या मनात असते तशी ती आपल्याही मनात घर करून राहते. संशोधनाकडून सोयीचे तेवढे घेणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे.

शाळा संपल्यावर काय? अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अट्टेवेल यांच्यासह खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त नावांचा होता. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश होती, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. भोसरीपासून चाकणपर्यंत हजारो तरुण हातात अर्ज घेऊन फिरत असतात. नकार आला की ‘माझ्यातच काही कमी आहे’ असे ते समजतात. त्यांना हा अभ्यास माहीत असावा. त्याने नोकरी मिळत नाही, परंतु स्वतःला दोष देण्याचे ओझे हलके होते आणि मागणी कोठे करायची हे कळते.

संशोधन कोणाचे?

डॉ. मॅन यांच्या काळी पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा, अशी वाटणी होती. ती अजूनही पुरती मोडलेली नाही. २००२ मध्ये प्रा. गोपाळ गुरू यांनी भारतातील सामाजिक शास्त्रे कितपत समतावादी आहेत, असा प्रश्न एका गाजलेल्या लेखात विचारला. सिद्धान्त मांडणारे वरचे आणि माहिती गोळा करणारे खालचे, या उतरंडीवर त्यांनी नेमके बोट ठेवले. पुणे विद्यापीठात प्रा. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना ज्ञानाचे साधन म्हणून अभ्यासक्रमात आणले. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या डॉ. शैलजा पाईक आज अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. महाराष्ट्रातील दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास त्यांनी २०१४ च्या ग्रंथात मांडला आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. जिची पाहणी व्हायची, त्या वस्तीतील मुलगी आज स्वतः इतिहास लिहिते आहे. ही घटना आपल्या मुलींना मी दरवर्षी सांगतो.

आता एक मोठी मोजणी पुढे आहे. येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. सर्व जातींची प्रसिद्ध झालेली अखेरची गणना १९३१ ची आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता सुमारे ८१ टक्के, म्हणजे देशाच्या ७३ टक्क्यांच्या सरासरीहून अधिक होती. ज्या समाजाला शाळेच्या दाराबाहेर बसवले होते, त्याने वसतिगृहे, रात्रशाळा आणि उपाशी पोटाच्या बळावर मिळविलेले हे यश आहे. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. त्याच वाटेवर आपली ही निवासी शाळा उभी आहे. परंतु साक्षरतेचा आकडा पदवी, कायम नोकरी आणि राहते घर यांबद्दल काही सांगत नाही. नव्या मोजणीकडून आपण त्याची उत्तरे मागितली पाहिजेत. त्यासाठी प्रगणक दारात आल्यावर धर्म, जात, शिक्षण आणि स्थलांतर या प्रत्येक रकान्यात स्वतःच्या तोंडाने खरी माहिती सांगणे आणि काय लिहिले गेले ते पाहणे, हे प्रत्येक घराचे कर्तव्य आहे.

माझी नम्र सूचना एवढीच आहे. आपल्या शाळेत दरवर्षी नववीच्या वर्गाने तीन पिढ्यांचा शाळा-इतिहास लिहावा, आणि त्या वह्या नावे झाकून ग्रंथालयात जपून ठेवाव्यात. दहा वर्षांत त्यातून या औद्योगिक पट्ट्याचा असा दस्तऐवज तयार होईल, जो कोणत्याही सरकारी अहवालात नाही. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतील शाळाबाह्य मुलांची यादी करावी आणि त्यांच्या प्रवेशासाठी कलम ४ व ५ घेऊन जवळच्या शाळेत जावे.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. ‘ते वर्ष आधी लिही,’ मी म्हणालो. ‘दाखला नसलेले वर्ष हाच तुझ्या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.’ त्याने वही उघडली आणि समासात, लहान अक्षरांत, ते वर्ष लिहिले. मी त्याला ते पानाच्या मध्यभागी पुन्हा लिहायला सांगितले.